तीन बिऱ्हाडं आणि एक धूमकेतू

१

“धूमकेतू गेला!”

बुवांचा आवाज मुळातच भरदार, त्यात डोक्यावर तारांगणाचा घुमट. ती आरोळी गोल भिंतीवरून फिरत फिरत आली आणि जिना चढणाऱ्या चित्रकार चिमणीच्या कानांवर दोनदा आदळली. तिला आधी वाटलं, बुवा सवयीने गळा साफ करताहेत. पण नियंत्रण-खोलीत पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘धूमकेतू’ नावाचा फोल्डर असायचा, तिथे आता पांढरीफटक जागा होती. वर्षभर खपून रंगवलेला तिचा धूमकेतू, त्याची पिसाऱ्यासारखी शेपटी, मागचं आकाश, संगीत, निवेदन, सगळं त्या एकाच फोल्डरात होतं.

“मी आत्ता आलो, मशीन लावलं,” बुवा तावातावाने सांगत होते. “आज हा फोल्डर बघायला आलेला पहिला मीच. संगीत एकदा ऐकून घ्यावं म्हटलं, तर हे! बघितल्याबरोबर ओरडलो. रद्दीची टोपली पाहिली, तीही रिकामी.”

संचालकसाहेब धावत आले ते टाय गळ्यात नुसताच लोंबत. त्यांच्या मागून तेलाचा बोळा हातात घेऊन यंत्रवाले काका. साहेबांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, मग मनगटावरचं बघितलं आणि कपाळावर हात मारला. संध्याकाळी विश्वस्त येणार होते. नवा खेळ त्यांच्या मनात भरला तर ठीक, नाहीतर तारांगणाला टाळं आणि त्या जागी दुकानं. ठराव लिहून तयार होता, फक्त सह्या बाकी होत्या.

“साहेब, जरा विचार करा,” बुवांनी आवाज खाली आणला. “मी पुसलं असतं तर ते टोपलीत दिसलं असतं. नाही दिसत. म्हणजे ते आपल्या यंत्रणेतून गेलेलं नाही. या मशीनमध्ये दुसरी यंत्रणा कुणाची?”

इथे त्या मशीनबद्दल सांगायला हवं. तारांगणाकडे धड कॉम्प्युटर एकच. तो साहेबांच्या मोठ्या बहिणीने, आक्कांनी, गेल्या वर्षी स्वतः बसून उभा करून दिला होता. डिस्कचे तुकडे पाडून त्यांनी एकाच घरात तीन बिऱ्हाडं थाटली होती. मशीन सुरू केलं की पडद्यावर विचारणा व्हायची: कुणाकडे जायचंय? पहिली ‘म्हातारी’, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवणारी जुनाट यंत्रणा. घुमटावर तारे पाडणारा यंत्राचा गोळा फक्त तिचंच ऐकायचा. दुसरी ‘शेठाणी’, पैसे मोजून आणलेली. तिच्यात संगीत आणि तिकिटं. तिचा पासवर्ड बुवांकडे आणि साहेबांकडे. तिसरी ‘मोकळी’, फुकटात मिळणारी. तिच्यात चिमणी चित्रं करायची आणि तिचा पासवर्ड चिमणीशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. शिवाय आक्कांनी डिस्कवर एक सामायिक कोठार ठेवलं होतं. ‘धूमकेतू’ त्या कोठारात असायचा. शेठाणीला आणि मोकळीला दोघींनाही तिथे जाता यायचं.

बिऱ्हाडं तीन म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच. चिमणी मोकळीत काम करून गेली की दुसऱ्या दिवशी शेठाणीचं घड्याळ काही तास मागे पडलेलं असायचं. बुवा आल्या आल्या ते हाताने पुढे सारायचे आणि चिमणीच्या नावाने बोटं मोडायचे.

आता मात्र सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले होते.

“काल जाताना काय म्हणाली होतीस?” साहेबांनी विचारलं.

चिमणीने मान खाली घातली. खेळाच्या शेवटी चित्रकार म्हणून आपलं नाव यावं, एवढंच तिने मागितलं होतं. साहेब म्हणाले, नावं फक्त विश्वस्तांची. तेव्हा दारात उभी राहून ती कडाडली होती, “माझं नाव नाही, तर माझा धूमकेतूही नाही!”

“साहेब, तो राग होता. स्वतःचं पोर कुणी विहिरीत टाकतं का?”

“ते मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत फोल्डर परत आला पाहिजे. नाही आला, तर उद्यापासून येऊ नकोस. आणि तारांगण कुणामुळे बंद पडलं, ते मी विश्वस्तांना तुझ्यासमोर सांगेन.”

चिमणी जिन्यात आली. फोन दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा आक्कांनी उचलला. खेळ बघायला म्हणून त्या कालच भावाकडे मुक्कामाला आल्या होत्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “मशीन चालू आहे?”

“हो.”

“जा आणि वायर ओढ.”

“अहो, पण नीट बंद तरी—”

“नीटबीट काही नाही. ओढ वायर! आणि मी येईपर्यंत त्याला कुणी बोट लावलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे म्हणावं.”

२

आक्कांची उभी नोकरी विमानतळाच्या मनोऱ्यात गेली होती. आभाळात विमानं घोंघावत असताना कुणाला आधी उतरवायचं, हे खाली बसून शांतपणे सांगायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे धावपळ करणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. त्या आल्या त्याच पिशवी सांभाळत, सावकाश. घुमटाखालच्या रिकाम्या खुर्च्यांत मधोमध बसल्या.

“एकेकाला पाठवा. चिमणे, तू इथेच बस. ज्याच्यावर आळ, त्याने सगळं समोर बसून ऐकावं.”

पहिले काका आले. त्यांच्यावर संशय घ्यायला जागा होती. नव्या खेळात आकाश चिमणीच्या चित्रांचं होतं. काकांचा लाडका गोळा फक्त सुरुवातीला थोडा वेळ तारे दाखवणार होता.

“वाईट वाटलं, नाही म्हणत नाही,” काका म्हणाले. “आज ना उद्या गोळ्यालाही पेन्शन, मलाही पेन्शन. पण म्हणून पोरीच्या कामावर पाणी ओतीन?”

“सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्ही आलात?”

“रोजच येतो. मशीन लावून म्हातारीत गेलो, गोळा गरम केला, फिरवून बघितला, मशीन बंद केलं. मग तेल घालायला खाली. तेवढ्यात बुवा वर गेले.”

“म्हातारी सुरू झाली की काय विचारते हो?”

काकांना हसू आलं. “ती काय विचारणार? तारीख अमुक, वेळ तमुक, बरोबर आहे का? मी बघतो आणि नुसतं एंटर मारतो.”

“आज वेळ बरोबर होती?”

“अगदी. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होती. नाहीतर ही चिमणी आदल्या दिवशी काम करून गेली, की म्हातारीला पण भ्रम होतो. आज शहाण्यासारखी वागली.”

आक्कांनी मान डोलावली. चिमणीला मात्र कळेना, घर जळत असताना या घड्याळांची चौकशी काय करताहेत.

मग साहेब आले. आल्या आल्या त्यांनी विश्वस्तांचं रडगाणं सुरू केलं.

“बाळू, पुरे,” आक्का म्हणाल्या. आपल्या साहेबांना कुणी बाळू म्हणतं, हे ऐकून एवढ्या दुःखातही चिमणीला ओठ चावावा लागला. “काल घरी आल्यावर तू कुठे गेला नाहीस. ते मला विचारायलाच नको. तुझ्या घोरण्याने मी रात्रभर छताकडे बघत होते. एवढंच सांग, शेठाणीचं घड्याळ चुकलं तर तू काय करतोस?”

“मी? बुवांना हाक मारतो. ते कुठून फिरवायचं असतं, हेसुद्धा मला माहीत नाही.”

शेवटी बुवा आले. पाठ ताठ, केस नीट मागे वळवलेले. इतकी वर्षं या घुमटाखाली अंधार झाला की त्यांचा आवाज उमटायचा. गावातली निम्मी माणसं लहानपणी त्या आवाजाचं बोट धरून आकाशात फिरून आली होती. नव्या खेळासाठी मात्र साहेबांनी राजधानीतल्या एका नामांकित कलाकाराकडून निवेदन रेकॉर्ड करून आणलं होतं. बुवा त्यावर अवाक्षर बोलले नव्हते. संगीताची बटणं दाबायचं काम त्यांनी मुकाट्याने घेतलं होतं.

“काल तुम्ही केव्हा गेलात?” आक्कांनी विचारलं.

“चिमणीच्या आधीच. थेट घरी.”

“आणि सकाळी?”

“आलो, शेठाणी उघडली, फोल्डर नाही दिसला, ओरडलो.”

“मध्ये कशाला हात लावला नाहीत? नीट आठवून सांगा, बुवा.”

“कशाला लावू? ते रिकामं कोठार बघून माझे हातपाय गळाले होते.”

आक्का उठल्या. पिशवी खांद्याला लावली. “चला वर. चोर कोण ते कळलं.”

३

नियंत्रण-खोली इतकी चिंचोळी की पाचजण उभे राहिल्यावर कोपराला कोपर लागत होतं. बंद मशीन मधोमध. आक्का एकट्याच खुर्चीवर बसल्या.

“मनोऱ्यात आम्ही जगाची वेळ वापरायचो,” त्यांनी सुरुवात केली. “विमान कुठल्याही देशातून येवो, घड्याळ एकच. मोकळीचा स्वभाव तसाच आहे. ती छतावरच्या अँटेनातून उपग्रहाची वेळ घेते आणि जाताना मशीनच्या घड्याळात जगाची वेळ लावून जाते. नंतर शेठाणी उठते. तिला वाटतं, ही आपल्याच गावाची वेळ. म्हणून तिचं घड्याळ मागे पडलेलं दिसतं. म्हातारीचंही तसंच. कुणीतरी हाताने सरळ करेपर्यंत ते मागेच राहतं.”

“हे आम्हाला रोजचंच आहे,” साहेब म्हणाले. “त्याचा इथे काय संबंध?”

“काल शेवटी मशीनवर कोण होतं? चिमणी. कशात? मोकळीत. म्हणजे आज सकाळी घड्याळ मागे पडलेलं हवं होतं. बाळू, तू आल्या आल्या पडद्यावरची वेळ बघितलीस. काय होती?”

साहेबांचा हात नकळत मनगटाकडे गेला. “माझ्या घड्याळाशी... जुळत होती.”

“आणि आज बुवा चिमणीवर खेकसले?”

चिमणीने चमकून बुवांकडे बघितलं. खरंच की. रोजची ती बोलणी आज तिला बसलीच नव्हती.

“मग मी सरळ केलं असेल सकाळी!” बुवा म्हणाले. “सवयीने. लक्षात राहिलं नसेल.”

“तेही चाललं असतं. पण तुमच्या आधी काका आले होते, आणि म्हातारीने त्यांना बरोबर वेळ सांगितली. काकांनी तर नुसतं एंटर मारलं. म्हणजे चिमणी गेल्यानंतर आणि काका येण्याआधी कुणीतरी शेठाणी उघडली आणि घड्याळ जागेवर आणलं. पासवर्ड दोघांकडे. त्यातल्या एकाला घड्याळाचा कान कुठे पिरगाळायचा तेच माहीत नाही, आणि तो माझ्या शेजारच्या खोलीत घोरत होता. दुसऱ्याचा हात शेठाणी दिसली की आपोआप घड्याळाकडे जातो. तो म्हणतो, काल चिमणीच्या आधीच थेट घरी गेलो.”

मग बुवा हसले, मोठ्यांदा, घुमटात घुमेल असं.

“वा, आक्का! टोपली रिकामी आहे, त्याचं काय?”

“टोपलीला वळसा घालून पुसता येतं. दोन बटणं एकदम दाबली की झालं. चिमणीलाच माहीत असेल असं काही नाही.”

“घड्याळाच्या काट्यावरून माणसाला सुळावर चढवणार? मी उघडलंही असेल मशीन. पुसलं कशावरून? पुरावा दाखवा.”

“पुरावा ना?” आक्कांनी मशीनवर टिचकी मारली. “तो याच्या पोटात आहे. म्हणून तर वायर ओढायला लावली.”

४

पिशवीतून एक पेनड्राइव्ह निघाला आणि एक जाडजूड डिस्क.

“हे चौथं बिऱ्हाड,” आक्का म्हणाल्या. “पाहुणं. पेनड्राइव्हवरच राहतं, घरातल्या कशालाही हात न लावता नुसतं बघून जातं. फाइल पुसली म्हणजे दारावरची पाटी उतरते, माणूस लगेच घर सोडत नाही. त्या जागी दुसरं कुणी राहायला आलं तरच तो जातो. कोठार मी वेगळं ठेवलं होतं. पुसल्यापासून तिथे काही लिहिलं गेलं नसेल, तर तुझा धूमकेतू अजून आतच आहे, चिमणे. नसेल, तर माझ्याही हातात काही नाही.”

मशीन सुरू झालं. कोठाराचा कोपरा न् कोपरा चाचपायला सुरुवात झाली. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकू लागली. साहेब बाहेर जिन्यात येरझाऱ्या घालत होते. काकांनी चहा आणला, तो तसाच गार झाला. बुवा भिंतीला टेकून उभे होते. जायला दार मोकळं होतं, तरी गेले नाहीत.

दुपार कलली. पट्टी निम्म्यावर आली आणि पहिलं चित्र उगवलं: धूमकेतूचं डोकं, बर्फाचं, काळपट. चिमणीने तोंडावर हात धरला. मग शेपटी. मग एकामागून एक आकाशं. पुढे संगीत आलं. सगळं जसंच्या तसं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि ती हसतही होती.

शेवटी निवेदनाची फाइल आली. आक्कांनी तिच्या तारखेवर बोट ठेवलं. “कालचीच. पण तू गेल्यानंतरच्या वेळेची. हे निवेदन तर कधीच आलं होतं ना? मग काल याच्यात कुणी काय केलं?”

त्यांनी फाइल लावली.

“अंधाराला भिऊ नका,” स्पीकरमधून आवाज आला. “अंधार झाल्याशिवाय पाहुणा दिसत नाही...”

तो राजधानीतला कलाकार नव्हता. ते बुवा होते.

भिंतीला टेकलेला माणूस हळूहळू खाली बसला. “एकदाच बघायचं होतं,” बुवा पुटपुटले. “चिमणीच्या चित्रांवर माझा आवाज कसा लागतो ते. सगळे गेल्यावर परत आलो, रेकॉर्ड केलं. ठेवताना तेच नाव दिलं गेलं आणि त्यांचं निवेदन पुसलं. परत आणता येईना. सकाळी सगळे विचारणार, हे कुणी केलं? मला काही सुचेना. वाटलं, सगळंच नाहीसं केलं तर एकट्या निवेदनाबद्दल कुणी विचारणार नाही.”

“आणि आळ माझ्यावर?” चिमणीने विचारलं.

“तो मी घातला, पोरी. स्वतःला वाचवायला.”

साहेबांनी घाईघाईने फोन लावला. कलाकार परदेशी, स्टुडिओ बंद. पुसलेलं निवेदन कुठेच नव्हतं. त्याच्या जागेवर बुवांचा आवाज लिहिला गेला होता. आणि बुवांचं ते रेकॉर्डिंगही मध्येच तुटलेलं, अर्ध्यावरच.

“चित्रं आहेत, संगीत आहे, आवाज नाही,” साहेब खचून म्हणाले. “मुका खेळ दाखवू विश्वस्तांना?”

सगळ्यांना एकच उपाय दिसत होता, पण तो उच्चारायचा हक्क कुणाचा, हेही सगळ्यांना कळत होतं. सगळे चिमणीकडे वळले.

तिच्या मनात काय काय आलं. बुवांना बाहेर काढा म्हणावं, असंही आलं. सकाळी तिच्यावर रोखलेलं ते बोट अजून टोचत होतं. पण कानात ते वाक्यही होतं. वर्षभर ती जे रंगवत होती, ते त्या एका वाक्यात कुणीतरी तिच्याआधी बघितल्यासारखं बोललं होतं.

“बुवा, उठा,” ती म्हणाली. “आज तुम्ही समोर उभं राहून बोलणार. पण आधी, विश्वस्तांच्या देखत, माझ्यावरचा आळ खोटा होता हे सांगायचं. कुणी घातला तेही सांगायचं. आणि खेळाच्या शेवटी माझं नाव घ्यायचं. साहेब, तुमची हरकत?”

साहेबांनी बहिणीकडे बघितलं. आक्का पेनड्राइव्ह पुसण्यात दंग होत्या.

“नाही,” साहेब म्हणाले. “आणि सकाळी मी बोललो ते... चुकलं माझं.”

५

विश्वस्त आले, आपापल्या खुर्च्यांत बसले. कुणी फोनवर, कुणी जांभया देत. अध्यक्षबाई पेशाने सर्जन. ठरावाचा कागद त्यांच्या मांडीवर होता आणि पेन उघडंच.

बुवा उजेडात पुढे आले. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, काही न लपवता. सांगताना तो भरदार आवाज एकदाच फाटला. विश्वस्तांत कुजबूज झाली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “त्याचं काय करायचं ते नंतर बघू. खेळ दाखवा.”

दिवे गेले. काकांचा गोळा फिरला आणि घुमटभर तारे सांडले. “अंधाराला भिऊ नका,” बुवा म्हणाले. हातात कागद नव्हता. ते बोलत असतानाच वर नियंत्रण-खोलीत मशीन म्हातारीकडून मोकळीकडे गेलं. चिमणी वर बसून एकेक चित्र सोडत होती, आणि थोड्याच वेळात तिच्या ध्यानात आलं की आपण त्यांच्या श्वासावर चाललोय. ते थांबले की ती थांबत होती. तिने शेपटी उलगडली की ते आवाज उलगडत होते. क्षितिजावर एक ठिपका उगवला, वाढला, आणि पांढरा पिसारा पसरत अख्ख्या आकाशातून असा निघाला की खाली कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. त्या अध्यक्षबाई होत्या.

शेवटी धूमकेतू सूर्याला वळसा घालून दूर गेला. अंधारात बुवांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, आईवडिलांचं, घराण्याचं, सगळं जोडून. त्या नावाने तिला इथे कुणी कधी हाक मारली नव्हती. आता ते घुमटाला भिडून परत येत होतं, आणि त्याच्यामागून टाळ्या.

दिवे लागले तेव्हा चिमणी जिन्यावरून धावतच खाली आली. विश्वस्त उभे होते. काका बाहीने डोळे पुसत होते. साहेब बहिणीला मिठी मारायला गेले आणि आक्का “अरे, पिशवी, पिशवी!” करत मागे सरल्या. अध्यक्षबाईंनी ठरावाचा कागद घडी करून फाडला, पुन्हा घडी केली, पुन्हा फाडला.

“ही चित्रं करणारी कोण?”

चिमणी पुढे झाली.

“यानंतर काय दाखवणार आहेस?”

तिने त्याचा विचारही केला नव्हता. तरी उत्तर तयार असल्यासारखं तोंडून बाहेर पडलं. “सूर्यग्रहण. खग्रास.”

“मग इथे उभी काय राहिलीस?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “लाग कामाला!”